याकोबचा नकार

सचिन गावातल्या यंत्रमागांवर बावीस वर्षं काढताना याकोबचे कान अधू झाले, पण त्यानं घरात कळू दिलं नाही. पुरुष घराचं मस्तक, असं पाळकसाहेब रविवारी चर्चमध्ये माइकवरून शिकवत. मस्तकानं बहिरं असून कसं चालेल? प्रश्न ऐकू आला नाही, की तो "नको" म्हणायचा. सोमवारी सुवार्तानं विचारलं, "पप्पा, नर्सिंगला जाऊ?" तो "नको" म्हणाला. तेव्हापासून पोरगी धड जेवली नाही. गुरुवारी त्यानं बायकोला विचारलं, "हिला झालंय काय?" मार्था ओरडलीच, "नर्सिंगला तुम्हीच नको म्हणालात!" याकोब खाली बसला. "मला ऐकूच आलं नव्हतं गं." सुवार्ता रडता रडता हसली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "जाऊ का?" "जा की!" म्हणताच त्याला एकदम हलकं वाटलं. मग मार्थाला म्हणाला, "तुला तर ऐकू आलं होतं. तूच हो म्हणून टाकायचंस."