वळणावरची पणती

बर्फातल्या त्या वळणावर, पत्र्याच्या डब्याच्या आडोशाला पणती पेटली तेव्हा आई फोनवरच होती.

"लागला का गं दिवा?"

"लागला."

"दहा दिवस विझू देऊ नकोस. परक्या मुलखात, अंधारात कुठं चाचपडेल तो?"

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. परवा इथूनच दादाची जीप दरीत गेली. शिखरावरच्या नव्या वेधशाळेसाठी दुर्बिणीचा आरसा ट्रकमधून वर येत होता आणि दादा पुढे राहून रस्ता बघत होता. मागचा ट्रक वेळेत थांबला. आरशावर साधा ओरखडाही आला नाही. दादाचा देह गावी नेला. आरसा बसवायचं काम माझं, म्हणून मी राहिले; आज तो बसला.

वॉकीटॉकी खरखरला. वरून, घुमटातून माझा सहकारी कुरणे बोलत होता.

"मॅडम, आभाळ निवळलंय. घुमट उघडू का?" मग म्हणाला, "वळणावर उजेड दिसतोय. पण राहू दे तो. एवढ्याशानं काही बिघडत नाही."

माझ्यासमोर पाटी होती : सूर्यास्तानंतर डोंगरावर उजेड करू नये. ती दादानेच ठोकली होती. विडी पेटवणाऱ्या मजुरांना तो त्या पाटीकडे बोट दाखवून दम भरायचा.

मी हातमोजा काढला आणि पेटती वात चिमटीत दाबली.

"उघड," मी म्हटलं.

बोटांवरचे फोड मला सकाळी दिसले.