खुस्पेंच्या डोक्यातली अडगळ

कुपवाडच्या पंपांच्या कारखान्यात अडगळीच्या वस्तूला लाल चिठ्ठी लागायची आणि ती बाहेर जायची. डोक्यातल्या आठवणी हुडकून पुसणारी नवी टोपी आल्यापासून कामगारांच्या डोक्यातली अडगळही तशीच काढता येऊ लागली.

फिटर वामन खुस्पेंचे हात काम करता करता मध्येच थांबायचे. टोपीने त्यामागची आठवण हुडकली, आणि ती कसली आहे हे न बघताच सुपरवायझर नलिनीताईंनी तिला लाल चिठ्ठी लावली. हात थांबायचे बंद झाले.

आठवड्याने खुस्पेंची बायको इंदूबाई फाटकावर आल्या. "ताई, काल आमच्या रेवतीचं वर्षश्राद्ध होतं. हे फोटोकडे बघून विचारतात, ही मुलगी कोणाची?"

"चिठ्ठी मी लावली," नलिनीताई म्हणाल्या. "काढलेलं परत आणता येत नाही."

"मग तुम्हीच येऊन सांगा त्यांना," इंदूबाई म्हणाल्या. " लेक गेल्याचं एकदा मी सांगितलंय, दुसऱ्यांदा नाही सांगवणार."

संध्याकाळी नलिनीताई खुस्पेंच्या घरी गेल्या. खुस्पेंनी हसत खुर्ची पुढे केली, चहा मागवला. त्यांना इतकं मोकळं हसताना ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चहा कसाबसा संपवला, कप खाली ठेवला आणि रेवतीचं नाव घेतलं.