डोळे सरावेपर्यंत

दार बाहेरून लागलं आणि मुकादमाचा आवाज आला, "घड्याळ लावलंय. पाच मिनिटांनी दार वाजवतो. मग ओरखडा मारायचा आणि उजेड दिसला की नाही ते सांगायचं. दगड हमखास उजेड देणारा आहे, मी निवडून दिलाय."

खोलीत मिट्ट काळोख होता. सून स्टुलावर बसली, समोर सासरे. गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा. मध्ये लाकडी ठोकळा. त्यावर सासऱ्यांनी दगड दाबून धरायचा आणि तिने जाड खिळ्याने तो ओरखडायचा, असं दोघांचं काम. खाणीतल्या काही दगडांना ओरखडलं की पिवळा उजेड पडे. ना धग, ना धूर. उजेड पडला तर दगड कामाचा, नाही तर टाकून द्यायचा. भर दिवसा हा उजेड कुणाला दिसत नाही. म्हणून ही खोली, आणि म्हणून इथला नियम: आत आल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. दिवसातून चारदा.

म्हणजे रोजचा एक तास. मुकादमाला तो तास फार खुपत होता. "पाच मिनिटांत माणूस लग्नाला हो म्हणतो, आणि तुम्हाला एक दगड बघायला पंधरा लागतात?" पाच मिनिटांत उजेड दिसला, तर नियम बदलायचा आणि वाचलेल्या वेळातली निम्मी, म्हणजे वीस मिनिटं, दोघांना रोज आधी सोडायचं, असं त्याने कबूल केलं होतं.

सुनेला ते हवंच होतं. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. खाणीच्या उतारावर ट्रक उलटला होता. तेव्हापासून तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. भूक लागली की ती जेवायची, हाक मारली की ओ द्यायची. ती रडलीही नव्हती. हाताला काम असलं की हे खपून जाई. पण या पंधरा मिनिटांत काम नसे, आणि आपल्याला काहीच वाटत नाही एवढंच जाणवत राही. त्याचीच तिने धास्ती घेतली होती.

सासरे मात्र अडून बसले होते. "पंधरा मिनिटं लागतात म्हणजे लागतात." एरवी मुकादमापुढे मान वर न करणारा माणूस या एका गोष्टीवर हट्टाला पेटला होता. लेक गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं आणि सासरे घरात असेपर्यंत त्या त्यांच्या तोंडावरून नजर हलवत नसत. ते आपले भेटायला येणाऱ्यांशी छपराच्या गळतीबद्दल बोलत राहत. सुनेला त्यांचा राग यायला हवा होता. तोही येत नव्हता. या माणसाला नियम तेवढा कळतो, असं तिने कधीचं ठरवून टाकलं होतं.

दारावर थाप पडली.

"थांब जरा," सासरे म्हणाले. आवाज बसल्यासारखा होता. "अजून डोळे सरावले नाहीत."

"मुकादम थांबलेत, मामंजी. धरा दगड."

 मग दगड ठोकळ्यावर टेकला. तिने तो चाचपला आणि सगळा जोर लावून खिळा ओढला.

चांगला बोटभर लांब उजेड धावला. त्यात दगडावर वाकलेला चेहरा तिला दिसला. गाल ओले होते, मिशा ओल्या होत्या, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. लगेच पुन्हा अंधार झाला.

समोर बाही घाईघाईने तोंडावरून फिरल्याचं तिला ऐकू आलं. रोज चार वेळा, दोन महिने, तिच्यापासून हातभर अंतरावर हे चाललं होतं. तिच्या छातीत कळ आली. खरीखुरी कळ. ती कळ निसटू नये म्हणून सून जागची हलली नाही.

"काय बाई, दिसला ना?" मुकादमाने बाहेरून विचारलं.

 सासऱ्यांचा श्वासही ऐकू येईना.

"नाही दिसला, साहेब," ती म्हणाली. "पंधराही कमीच पडतात. वीस तरी द्या."