तांदळाएवढा डाग

कायम टाळाटाळ करणाऱ्या शिंप्याला बायकोनं अखेर दातांच्या तपासणीला ओढतच नेलं. "एक दात हलत नाही की दुखत नाही," खुर्चीत बसूनही तो कुरकुरत होता. डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले. जीभ बाजूला करताना त्यांचा हात थांबला. जिभेच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. त्याचा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं अहवाल आला: कॅन्सर, पण सुरुवातीचा. "अजून वर्षभर थांबला असतात, तर जीभ वाचली नसती," बाई म्हणाल्या. शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस बोलायचं नव्हतं; शिंपी कापडाच्या खडूनं पाटीवर लिहायचा. सोळाव्या दिवशी बायको चहा गाळत असताना मागून बोबडी हाक आली. तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला 'अगं'खेरीज कधी हाक मारली नव्हती. आज त्यानं तिचं नाव घेतलं. गाळणं तसंच धरून ती म्हणाली, "पुन्हा म्हणा."