ॐ आत राहिला

या माउली, जरा जवळ सरका, शिंगणापूरची एक गोष्ट सांगतो.

गहिनीनाथबुवांच्या घराला गावच्या रीतीप्रमाणे दार नाही. तीन आठवडे बुवा एकेक ओळ मोठ्यानं म्हणत सप्ताहाच्या कीर्तनाचं निरूपण टाइप करत होते. त्यांच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर ॐ सापडेना, म्हणून पुतणी राजनंदिनीनं एका रिकाम्या बटणावर तो बसवून दिला होता. काल निरूपण पुरं झालं. कीर्तनाआधी ते कुणाच्या कानी पडू नये, म्हणून बुवांनी कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवला: अकरा वेळा ॐ.

आज सकाळी अकरा वेळा बटण दाबलं, तर पासवर्ड चुकीचा. बुवांनी घाबरून पुण्याला राजनंदिनीला फोन लावला.

"काका, ॐची सोय तुमच्या खात्यात केलीय. आत गेल्याशिवाय ते बटण ॐ देत नाही."

"अगं, पण ॐ दिल्याशिवाय आत जाता येत न्हाई!"

"हो ना. रविवारी येऊन उघडून देते."

कीर्तन आज संध्याकाळी होतं. बुवा डोकं धरून बसले. पलीकडे भाकरी थापत असलेल्या त्यांच्या पत्नी बनुबाईंनी हात धुतले.

"अवो, घराला दार न्हाई आन डबड्याला कुलूप! वही घ्या. पहिल्यापास्नं सांगू, का निस्तं दुसऱ्या चरणापास्नं?"



कीर्तन फार रंगलं, माउली. हार बुवांच्या गळ्यात पडला ते ठीकच, तुम्ही तेवढी बनुबाईंची आठवण ठेवा.