पिशवी तापली तेव्हा

विमान अंदमानकडे उतरू लागलं आणि कालिंदीला मांडीवरची पिशवी गरम लागली. आत शेवयांच्या पुड्याखाली तिच्या नवऱ्याच्या कृत्रिम हृदयाची बॅटरी होती. विमानातून बॅटरी न्यायला बंदी येऊन नऊ वर्षं झाली होती. बोटीला चार दिवस लागत, आणि दिनकरच्या हृदयात उद्या सकाळपुरतीच वीज उरली होती.

मागे शाळेच्या सहलीची मुलं खिडकीतून बेटं मोजत होती. वीसच मिनिटं राहिलीत, कालिंदीने स्वतःला बजावलं. पण पिशवीला हात लावणं अशक्य झालं, जळका वास येऊ लागला. तिने घंटीचं बटण दाबलं.

“माझ्याकडे बॅटरी आहे,” ती हवाई सेविकेला म्हणाली. “तापलीय.”

सेविकेने जाड हातमोजे घालून ती पाण्याच्या पेटीत बुडवली. पाणी बराच वेळ उकळत राहिलं.

विमान सुखरूप उतरलं. पोलिसांनी कालिंदीला ताब्यात घेतलं आणि एक फोन करू दिला.

“आणलीस का गं?” दिनकरने विचारलं.

“नाही जमलं.”

“मग तू तरी लवकर ये. सकाळपर्यंत बोलत बसू.”

कालिंदीने समोरच्या पोलिसाकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

“निघालेच,” ती म्हणाली.