कबूल?

“इथे का आलीस गं?” मुकादमाने दरडावून विचारलं आणि भोवतीची माणसं खुदखुदली.

मुकादम कसला, निवृत्त पोस्टमन हॅल्सम. दर शनिवारी काळा कोट चढवून तो आता संग्रहालय झालेल्या या जुन्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांच्या कामघरात, पाहुण्यांपैकी एक कुटुंब मेजासमोर उभं करायचा. दीडशे वर्षांपूर्वी निराधारांना इथे कसं दाखल करून घेत, ते करून दाखवायचा. आज त्याचं बोट मॅक्सीनकडे वळलं. तिच्यासोबत नऊ वर्षांची टिली आणि पाच वर्षांचा रॉबी होता.

“राहायला जागा नाही,” मॅक्सीन म्हणाली.

खरंच नव्हती. दोन महिन्यांपूर्वी घरमालकाने घर विकलं, कुलूपही बदललं. बेघरांची सोय करणारं नगरपालिकेचं ऑफिस सोमवारशिवाय उघडणार नव्हतं. इथे प्रवेश फुकट होता आणि आत ऊब होती, म्हणून ती आली. एरवी इतिहास बघायची हौस कुणाला! आभाळच फाटलं, तिथे ठिगळ कुठे लावणार?

“नातेवाईक?”

“होते. दोन महिने ठेवून आज सकाळी त्यांनीही हात वर केले.”

“काय झकास करतेय हो!” मागून एक म्हातारी म्हणाली.

“मग नियम ऐक. बायका डाव्या दाराने, मुलं उजव्या. भेटीगाठी आमच्या मर्जीने. कबूल?”

“माझी बायको ठेवून घ्या, मी भेट मागणारच नाही!” एका ढेरपोट्याने टोला हाणला. हशा पिकला.

 मॅक्सीन दोन्ही दारांकडे बघत राहिली.

“मुलांना खायला मिळेल?”

“ओटची पेज आणि पाव.”

“अंथरूण?”

“एका गादीवर दोघं.”

“मग कबूल.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हॅल्समचा मात्र चेहरा उतरला. मेजावरून वाकून तो हलकेच म्हणाला, “अहो बाई, इथे ‘नाही’ म्हणायचं असतं. अकरा वर्षांत सगळी माणसं ‘नाही’च म्हणालीत. मग मी हाकलून देतो आणि खेळ संपतो.”

 मॅक्सीनचे डोळे भरून आले होते.

टिलीने तोवर भावाचा हात धरून उजवं दार गाठलं होतं. त्याला पुढे ढकलत ती कुजबुजली, “चल ना रॉबी. मागे बघू नकोस, नाहीतर आई ‘नाही’ म्हणेल.”